ॲडव्हेंचर खेळ खेळावा कसा, पारखावा कसा

पॉइंट-अँड-क्लिक ॲडव्हेंचर खेळाची, म्हणजे पडद्यावरच्या गोष्टींवर क्लिक करत आणि कोडी सोडवत कथा पुढे नेण्याच्या संगणकावरील खेळाची, पारख करताना मी एका प्रश्नाला सर्वांत अधिक महत्त्व देतो: कोडे सुटल्यावर, किंवा हात टेकून उत्तर पाहिल्यावर, खेळणाऱ्याच्या मनात काय येते? ‘अरे, हे तर डोळ्यांसमोरच होते’ असे वाटले, तर ते कोडे प्रामाणिक आहे. ‘हे कुणाला कसे सुचणार होते?’ असे वाटले, तर चूक बहुतेक वेळा रचणाऱ्याची असते. चित्रे, संगीत, संवाद यांचे मोल मोठेच आहे, परंतु या प्रकारच्या खेळाचा कणा कोडे हाच आहे आणि त्याची पारख करायची तर खेळही तशाच प्रामाणिकपणे खेळावा लागतो. म्हणून आधी खेळण्याविषयी.

जुने खेळ आजच्या संगणकावर चालवण्यासाठी स्कम-व्हीएम हा मोफत प्रोग्राम वापरावा. २००१ साली सुरू झालेला हा प्रकल्प खेळाचा मूळ प्रोग्राम बाजूला ठेवून त्याच्या डेटा फाइल्स स्वतः वाचतो, त्यामुळे विंडोज, लिनक्स किंवा अँड्रॉइड फोन यांपैकी कशावरही तोच खेळ चालतो. फाइल्स मात्र आपल्याजवळ असाव्या लागतात. बरेच जुने खेळ गॉग आणि स्टीम या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळांवर विकत मिळतात. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ (१९९४) आणि ‘फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन’ (१९९५) हे दोन खेळ तर रीतसर मोफत केलेले असून ते स्कम-व्हीएमच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घेता येतात. फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवून प्रोग्राममध्ये ‘ॲड गेम’ दाबावे आणि तो फोल्डर दाखवावा. पुढचे काम तो स्वतः करतो. एक सेटिंग मात्र हाताने तपासावे. त्या काळचे बहुतेक खेळ ३२० × २०० पिक्सेलचे असत, पण ४:३ प्रमाणाच्या पडद्यावर ते उभे ताणले जात आणि चित्रकारांनी चित्रेही तो ताण गृहीत धरूनच काढलेली होती. त्यामुळे ‘ॲस्पेक्ट रेशो करेक्शन’ चालू नसेल, तर माणसे बुटकी दिसतात आणि गोल चंद्र चपटा होतो. असा खेळ पाहून त्याच्या चित्रांविषयी मत देणे योग्य नाही.

नागपुरात या खेळांना एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारीच खरा निवांत वेळ मिळतो, कारण पारा ४५ अंशांच्या घरात गेला की संध्याकाळपर्यंत कुणी बाहेर पडत नाही. परंतु कूलरच्या आवाजात पात्रांचे बोलणे अर्धे बुडते आणि याच प्रकारच्या खेळात ते परवडत नाही, कारण कोड्याचा धागा अनेकदा एखाद्या बोलता बोलता टाकलेल्या वाक्यात दडवलेला असतो. म्हणून आवाज आणि सबटायटल दोन्ही चालू ठेवावेत. काही ठिकाणी तेवढ्यानेही भागत नाही. ‘मिस्ट’ (१९९३) या खेळात पियानोच्या पट्ट्यांवर ऐकलेले सूर एका अवकाशयानातल्या पाच सरकपट्ट्यांवर कानाने जुळवावे लागतात. तिथे हेडफोन लावावा, नाहीतर काही काळ कूलर बंद करून घाम गाळावा. दुपारी वीज जाण्याचा अनुभव सर्वांनाच आहे, तेव्हा डेस्कटॉपवर खेळणाऱ्याने दर नव्या दृश्याला सेव्ह करण्याची सवय लावून घ्यावी आणि प्रत्येक सेव्हला वेगळे नाव द्यावे. एकच सेव्ह पुनःपुन्हा पुसून वापरणे काही जुन्या खेळांत फार महागात पडते. ते का, हे पुढे येईल.

प्रत्यक्ष खेळताना पहिल्या फेरीत काहीही सोडवण्याचा प्रयत्न करू नये. जिथे जाता येते तिथे सगळीकडे जावे, प्रत्येक वस्तू नीट पाहावी, प्रत्येक पात्राशी संवादाचे पर्याय संपेपर्यंत बोलावे. त्यानंतर वही उघडावी. डाव्या पानावर अडलेल्या जागा लिहाव्यात: कुलूपबंद दार, वाट अडवणारा पहारेकरी, काहीतरी मागणारा दुकानदार. उजव्या पानावर हातातल्या वस्तू आणि त्यांच्याविषयी खेळाने जे सांगितले ते लिहावे. अडकलो की याच वहीकडे यावे आणि कोणाला काय हवे आहे, कोण कशाला घाबरते, कोणती गोष्ट अजून एकदाही उपयोगी पडलेली नाही, हे स्वतःला विचारावे. हातातली प्रत्येक वस्तू पडद्यावरच्या प्रत्येक गोष्टीवर लावून पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो, परंतु तसे केल्याने कोडे सुटले तरी समजलेले नसते, आणि जे समजलेच नाही त्याची पारख होऊ शकत नाही. चुकीच्या प्रयत्नाला खेळ काय उत्तर देतो ते मात्र लक्षपूर्वक वाचावे. ‘हे इथे चालणार नाही’ एवढेच ठरीव वाक्य आले तर ते दार बंद समजावे. वेगळे, त्या प्रयत्नापुरते लिहिलेले वाक्य आले तर बहुधा आपण जवळ पोहोचलेलो असतो.

शक्य असेल तर दोघातिघांनी एका पडद्यासमोर बसून खेळावे. आमच्याकडे इंग्रजी संवाद एक जण मोठ्याने वाचतो आणि दुसरा त्याचे मराठी करून सांगतो. या दुसऱ्या कामात वाक्य नीट समजून घ्यावेच लागते, त्यामुळे त्यातले सूचन सहसा निसटत नाही. लहान मुलांबरोबर ‘मशिनेरियम’ (२००९) हा चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनचा खेळ घ्यावा, कारण त्याच्या कथेत शब्दच नाहीत. जे काही सांगायचे ते चित्रांच्या फुग्यांतून सांगितलेले आहे. सुरुवातीलाच एक पहारेकरी रोबो पूल ओलांडू देत नाही. माझी भाची तिथे बराच वेळ नुसती त्या पहारेकऱ्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, ‘मामा, आपण पण त्याच्यासारखी टोपी घालू या ना.’ उत्तर तेच आहे: रस्त्यावरचा शंकूच्या आकाराचा अडथळा निळ्या रंगात बुडवायचा, त्यावर दिवा बसवायचा आणि ती टोपी घालून पहारेकऱ्यांपैकीच एक होऊन जायचे. वेगळी माहिती लागत नाही, भाषा लागत नाही, फक्त नजर लागते. सुरुवातीच्या कोड्याचा इतका चांगला नमुना मला दुसरा ठाऊक नाही.

मदत घेण्यात कमीपणा नाही, पण ती चढत्या क्रमाने घ्यावी. एक रात्र जाऊ द्यावी, मग सोबत्याला विचारावे, मग खेळातलीच मदत वापरावी आणि वॉकथ्रू, म्हणजे खेळाची सगळी उत्तरे क्रमाने सांगणारा लेख, सर्वांत शेवटी उघडावा. नव्या खेळांनी याची सोय चांगली केली आहे. ‘थिंबलवीड पार्क’ (२०१७) मध्ये खेळातल्याच फोनवरून सूचना मागता येतात आणि ‘रिटर्न टू मंकी आयलंड’ (२०२२) मध्ये नायकाजवळ सूचनांचे पुस्तक असते, जे आधी नुसता इशारा देते आणि पुन्हा विचारल्यावर अधिक उघड बोलते. कोणत्या कोड्याला मदत घ्यावी लागली याची वहीत नोंद ठेवावी, कारण पारख करताना सर्वांत उपयोगी पडणारी पाने तीच.

पारख करताना मी एक कोडे नेहमी समोर ठेवतो. ‘डे ऑफ द टेंटॅकल’ (१९९३) या खेळात तीन मित्र एकाच वाड्यात, पण तीन काळांत विखुरले जातात: एक वर्तमानात, एक २०० वर्षे मागे, एक २०० वर्षे पुढे. भविष्यातली लॅव्हर्न एका झाडाला अडकून लटकलेली असते. तेच झाड भूतकाळातल्या होगीच्या अंगणात उभे आहे, आणि त्या काळात वाड्यात जॉर्ज वॉशिंग्टन मुक्कामाला आहे. झाड कुमक्वाटचे, म्हणजे आपल्या संत्र्याच्या कुळातल्या मोठ्या बोराएवढ्या फळाचे. होगीने ती फळे लाल रंगवायची. मग वॉशिंग्टनला ते चेरीचे झाड वाटते, तो ते तोडतो आणि २०० वर्षांनंतर लॅव्हर्न खाली पडून मोकळी होते. भूतकाळात केलेला बदल भविष्यात दिसतो, हा नियम खेळाने स्वतः शिकवलेला असतो. झाड दोन्ही काळांत दिसते. वॉशिंग्टनशी बोलता येते. बाहेरून आणावी लागते ती फक्त त्याने लहानपणी चेरीचे झाड तोडल्याची दंतकथा. आपल्याकडेही ती खरेपणाचा पाठ म्हणून मुलांना सांगितली जात असे, पण ज्याने ती ऐकलेली नाही त्याला हे कोडे तर्काने सुटणार नाही. म्हणून मी या कोड्याला उत्तम म्हणतो, निर्दोष म्हणत नाही. कोड्याला लागणारे ज्ञान खेळाच्या आत आहे की बाहेर, आणि बाहेर असेल तर ते कोणत्या देशातल्या वाचकाजवळ असते, हे मराठी परीक्षकाने आवर्जून तपासावे.

याच्या अगदी उलट टोकाला ‘गॅब्रिएल नाइट ३’ (१९९९) मधले मिशांचे कोडे आहे. मोटरसायकल भाड्याने मिळवण्यासाठी नायकाला मित्राचे सोंग घ्यायचे असते. त्यासाठी एका भोकावर चिकटपट्टी लावून मांजराला तिथून पळवायचे, पट्टीला लागलेल्या केसांच्या मिशा करायच्या आणि त्या पाकाने ओठावर चिकटवायच्या. मुळात त्या मित्राला मिशाच नाहीत, म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोलाही पेनने मिशा काढायच्या! प्रत्येक पायरी करता येण्याजोगी आहे, पण एकाही पायरीचे कारण आधीच्या पायरीतून निघत नाही.

जुन्या खेळांविषयी लिहिताना ‘त्या काळी असेच असायचे’ या सबबीला सहज बळी पडू नये. ‘किंग्ज क्वेस्ट ५’ (१९९०) मध्ये वाटेत मिळालेली ‘पाय’ (pie, एक भाजलेला गोड पदार्थ) भुकेपोटी खाऊन टाकली, तर पुढे यती या हिममानवापासून वाचण्यासाठी हातात काहीच उरत नाही. मांजराच्या तावडीतून उंदराला योग्य क्षणी सोडवले नाही, तर नंतर बांधलेले दोर कुरतडायला कोणी येत नाही. खेळ पुढे चालूच राहतो, तो आता संपणे अशक्य झाले आहे हे तो सांगत नाही, आणि एकच सेव्ह ठेवणाऱ्याला सगळे पहिल्यापासून करावे लागते. आता हे लक्षात घ्यावे की ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हाही १९९०चाच खेळ आहे, आणि खेळणारा कायमचा अडकणार नाही याची काळजी त्यात जाणीवपूर्वक घेतलेली आहे. त्याचे रचनाकार रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ साली एका लेखात ॲडव्हेंचर खेळांचे असे दोष स्पष्ट मांडले होते; त्यातला एक मुद्दा असा की, खेळणाऱ्याला आधी अडचण दिसावी आणि मग तिची किल्ली सापडावी. तेव्हा काळाची मर्यादा म्हणून माफ करायचे ते जाड पिक्सेल, बीप करणारे संगीत आणि अंधाऱ्या कोपऱ्यातली न दिसणारी वस्तू. मुकी कोंडी ही निवड होती, आणि निवडीचा दोष लिहिलाच पाहिजे.

खेळाने स्वतः घालून दिलेली सवय अचानक मोडली तर तोही दोष मानावा. ‘ब्रोकन स्वोर्ड’ (१९९६) मध्ये निवांत विचार करण्याची सवय लागलेली असताना आयर्लंडमधल्या एका उत्खननाच्या जागी बोकड धडक मारतो, आणि पडलेला नायक उठत असतानाच चपळाईने जवळच्या शेती-अवजारावर क्लिक करावे लागते. उत्तर अवघड नाही. घाई करायची आहे हे कुणीच सांगितलेले नाही.

नव्या खेळांना वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ‘द वॉकिंग डेड’ (२०१२) मध्ये कोडी जवळपास नाहीतच, म्हणून तिथे निवडीला वजन आहे का, हे पाहावे. ‘अनअव्हाउड’ (२०१८) मध्ये कामगिरीवर कोणते दोन साथीदार न्यायचे हे आपण ठरवतो आणि त्यानुसार कोड्यांची उत्तरे बदलतात. अशा खेळाविषयी एकदा खेळून मत देऊ नये. निदान एक कामगिरी दुसऱ्या साथीदारांसह खेळावी. ‘फेट ऑफ अटलांटिस’ (१९९२) मध्ये मधला भाग तीन वेगळ्या वाटांनी खेळता येत असे, तेव्हा ही कल्पना नवी नाही, हेही परीक्षणात यावे. दिसणाऱ्या सर्व वस्तूंवर खूण दाखवणारी कळ आज अनेक खेळांत असते. तिने डोळ्यांचा त्रास वाचतो, पण ती सतत दाबून ठेवली तर दृश्य पाहणेच थांबते. मी ती अडकल्यावरच वापरतो.

परीक्षण लिहिताना एकच कोडे निवडून ते पूर्ण उलगडावे, शक्यतो खेळाच्या पहिल्या तासातले, म्हणजे वाचकाचा पुढचा आनंद जात नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘मशिनेरियम’ घ्यावा, मग २०१६ साली नव्या चित्रांसह आलेली ‘डे ऑफ द टेंटॅकल’ची आवृत्ती, मग ‘मंकी आयलंड’. ‘मिस्ट’ वही आणि हेडफोन यांची सवय झाल्यावर घ्यावा. ‘किंग्ज क्वेस्ट ५’ सर्वांत शेवटी, दर दृश्याला वेगळा सेव्ह ठेवून.