ऑर्डरी गेल्या पण पैसे कुठेत? ऑनलाइन विकताना अडकलेल्या पैशांचा हिशोब असा ठेवा

आमच्या भिशीतल्या एकीने गेल्या महिन्यात ऑनलाइन टॉवेल विकायला सुरुवात केली, माझ्यापेक्षा लहान आहे, हुशार आहे, आठ दिवसांत बावीस ऑर्डरी पाठवल्या आणि नवव्या दिवशी रडवेल्या आवाजात फोन, "ताई, बावीस ऑर्डरी गेल्या आणि खात्यात एक रुपया नाही, मला फसवलं का हो?" नाही, फसवलं नव्हतं. पण तिला कोणी नीट सांगितलंच नव्हतं, आणि मलाही सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय. मी सोलापुरातून चादरी, टॉवेल, नॅपकिन विकते, माल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखानदारांकडून घेते, त्यामुळे उदाहरणं त्यातलीच येतील.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमची तारीख ऑर्डरची नाही, डिलिव्हरीची आहे. गिऱ्हाइकाने १ तारखेला ऑर्डर केली, तुम्ही २ ला पॅक करून कुरियरवाल्याच्या हातात दिली, माल ६ ला घरी पोचला, तर घड्याळ सुरू होतं ६ पासून. मीशो या विक्रीच्या ॲपवर डिलिव्हरीनंतर साधारण ७ दिवस धरतात, दुसरीकडे तुमच्या कॅटेगरीवर आणि सेलर म्हणून तुमच्या रेकॉर्डवर कमीजास्त असतं, ते सेलर पॅनलमध्ये, म्हणजे ॲपवर विकणाऱ्याचं जे खातं असतं त्यात, पेमेंटच्या पानावर लिहिलेलं असतं, आधी जाऊन वाचा. म्हणजे ६ अधिक ७ झाले १३, आणि सेटलमेंटचा, म्हणजे तुमच्या खात्यात पैसे टाकायचा वार १३ ला नसेल तर पुढच्या वारापर्यंत थांबायचं. १ तारखेची ऑर्डर, पैसे १४-१५ ला. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर गिऱ्हाईक दारात पैसे देईपर्यंत पैसा नावाची गोष्टच नसते, आणि त्याने दार उघडलंच नाही तर माल आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन, म्हणजे न पोचताच माघारी) होऊन परत तुमच्याकडे.

हे पैसे का अडवून धरतात ते पण समजून घ्या म्हणजे जीव कमी जळेल. गिऱ्हाइकाला माल परत करायची मुदत दिलेली असते, आणि त्या मुदतीत पैसे सेलरला देऊन टाकले, मग रिटर्न आला, तर सेलरकडून वसूल कोण करणार? खोटा माल पाठवून पैसे घेऊन पळणारे पण असतात. म्हणून पैसे थांबवतात, आणि मधल्या काळात ते वेगळ्या खात्यात ठेवायचा नियम आलाय. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००९ मध्ये मध्यस्थांनी गोळा केलेल्या पैशांसाठी वेगळं खातं सांगितलं, त्याला नोडल खातं म्हणतात, मग मार्च २०२० मध्ये गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन व्यापाऱ्याला पोचवणाऱ्या कंपन्यांचे, म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटरचे नियम काढले, त्यात एस्क्रो खातं, म्हणजे ठरलेल्या अटीवरच पैसे सुटतात असं बँकेतलं खातं, आलं आणि व्यापाऱ्याला पैसे कधी द्यायचे तेही आलं, करारात परताव्याची मुदत संपेपर्यंत पैसे धरायचं ठरलं असेल तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत द्यायचे असं तेव्हा ठरलं. म्हणजे करारात काय लिहिलंय ते महत्त्वाचं, आणि तो करार आपण सगळे न वाचता टिक मारून पुढे जातो. तो उघडा, त्यात पेमेंट आणि रिटर्न हे दोनच भाग वाचले तरी चालेल.

आता खरं काम. एक वही करा किंवा मोबाईलवर शीट करा. प्रत्येक ऑर्डरसाठी ऑर्डर नंबर, कुरियरचा एडब्ल्यूबी नंबर (पार्सलचं ट्रॅकिंग याच नंबरने होतं), पाठवल्याची तारीख, डिलिव्हरीची तारीख, पैसे यायला पाहिजेत ती तारीख, यायला पाहिजे ती रक्कम, प्रत्यक्ष आलेली रक्कम आणि यूटीआर नंबर, म्हणजे बँकेतून पैसे पाठवल्यावर त्या व्यवहाराला मिळणारा नंबर. कंटाळा येतो, मला पण येतो, पण मी दर शनिवारी दुपारी बसून भरते, कारण बँकेत एकदम ११ हजार ३६२ रुपये पडतात तेव्हा ते कुठल्या ऑर्डरींचे ते बँक सांगत नाही, सेटलमेंट रिपोर्ट डाउनलोड करून तुम्हालाच जुळवावं लागतं.

रक्कम किती यायला पाहिजे हे काढता येणं सगळ्यात गरजेचं, कारण नवीन लोक इथेच घाबरतात. समजा टॉवेलचा सेट ६०० रुपयांना गेला, त्यात ५ टक्के जीएसटी धरून. कमिशन आणि शिपिंग मिळून १६० पकडू (हा आकडा मी समजण्यासाठी घेतलाय, तुमचा तुमच्या पॅनलमध्ये बघा), त्या १६० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे २८ रुपये ८० पैसे. मग जीएसटीचा टीसीएस, म्हणजे ॲप तुमच्या पैशातून आधीच कापून सरकारकडे भरतं तो कर, तो आधी १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला, आणि तो कराशिवायच्या किमतीवर म्हणजे ५७१ वर लागतो, २ रुपये ८६ पैसे. आणि इन्कम टॅक्सचा टीडीएस, तोही असाच आधी कापला जातो, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का, साठ पैशांच्या आसपास. हातात येतात ४०७-४०८ रुपये. तुमचा माल आणि पॅकिंग मिळून ३५० ला पडत असेल तर तुम्हाला सुटतात ५७ रुपये, आणि एक रिटर्न आला तर तीन-चार ऑर्डरींचा नफा जाऊ शकतो. हे आधी काढा, मग किंमत ठरवा.

यातलं सगळंच गेलं असं नाही. टीसीएस तुमचाच पैसा आहे, जीएसटी पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिटच्या पानावर जाऊन मान्य केलं की तुमच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे कर भरायला वापरता येणाऱ्या शिलकीत येतो, कितीतरी जण वर्षभर तिकडे फिरकतच नाहीत. कमिशनवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट घ्या, म्हणजे तुम्हाला भरायच्या जीएसटीतून ते वजा करून घ्या. टीडीएस इन्कम टॅक्सचा रिटर्न भरताना तुमच्या करातून वजा होतो, आणि वैयक्तिक नावाने धंदा असून वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर तो कापलाच जात नाही.

उलटी बाजू पण आहे, आणि याच्यावर मी एकदा चांगलीच अडकले होते. जीएसटी तुमच्या बिलाच्या तारखेने लागतो, पैसे येण्याच्या तारखेने नाही. २८ सप्टेंबरला बिल केलं, माल ५ ऑक्टोबरला पोचला, पैसे १४ ला आले, तरी तो कर सप्टेंबरचाच, दर महिन्याला भरणाऱ्यांना २० ऑक्टोबरपर्यंत भरायचा. आणि माल उशिरा पोचला तर पैसे २० च्या नंतर येणार, पण कर आधीच. म्हणून कराचे पैसे वेगळ्या खात्यात बाजूला काढायची सवय लावा, अगदी पहिल्या महिन्यापासून.

अडकलेलं भांडवल असं मोजा. रोज १० ऑर्डरी, मालाला ३०० रुपये, पैसे १५ दिवसांनी, म्हणजे ४५ हजार रुपये कायम रस्त्यावर फिरताहेत. सेलमध्ये ऑर्डरी तिप्पट झाल्या की हेच १ लाख ३५ हजार. सेल लागला की आपण खूश होतो, आणि नेमका तेव्हाच कारखानदार म्हणतो, दिवाळीच्या आधी हिशोब पूर्ण करा, कामगारांना बोनस द्यायचाय. त्याचं चुकत नाही. म्हणून लक्ष्मीपूजनापासून मागे पंधरा-वीस दिवस मोजा, त्यानंतर गेलेल्या ऑर्डरींचे पैसे दिवाळीआधी येणार नाहीत असं धरूनच शब्द द्या, आणि कारखानदाराला आधी जाऊन सांगा. चहा पिऊन आधी सांगितलेली तारीख लोक समजून घेतात, ऐनवेळी फोन न उचलणं नाही.

काही ठिकाणी लवकर पैसे देण्याची सोय असते, थोडी फी कापून. फी छोटी दिसते. ७ दिवस आधी मिळावेत म्हणून १ टक्का दिला तर वर्षाच्या हिशोबाने तो ५२ टक्के पडतो! अगदीच गळ्याशी आलं तर एकदा घ्या, दर आठवड्याला घेऊ नका, त्यापेक्षा बँकेत जाऊन कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तसे पैसे उचलायच्या धंद्याच्या कर्जाची चौकशी करा.

आणि तारीख उलटून पण पैसे आले नाहीत तर? आधी ट्रॅकिंग बघा. माझा एकदा चौदा चादरींचा लॉट गिऱ्हाइकाला मिळाला होता, पण कुरियरवाल्याने डिलिव्हर्डचं स्कॅनच केलं नव्हतं, सिस्टिमच्या दृष्टीने माल अजून वाटेत, त्यामुळे घड्याळ सुरूच झालं नाही आणि मी तीन आठवडे वाट बघत बसले. ट्रॅकिंग चार-पाच दिवस हललं नाही की लगेच एडब्ल्यूबी नंबर टाकून पॅनलवर तिकीट काढा, म्हणजे तक्रार नोंदवा, तिकिटाचा नंबर वहीत लिहा. ट्रॅकिंग ठीक असेल तर बँकेचं बघा, पॅनवर एक नाव आणि खात्यावर दुसरं असं झालंय का, बँकांचं विलीनीकरण झाल्यावर आयएफएससी बदलला आणि पॅनलवर जुनाच राहिलाय का. "सुट्टी होती म्हणून बँकेत अडकलं" हे ऐकून गप्प बसू नका, एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, रविवारी पण चालतं, तेव्हा पाठवलं म्हणतात तर यूटीआर नंबर मागा आणि तो घेऊन बँकेत जा.

रिटर्न आला की पॅकेट उघडताना व्हिडिओ काढा, लेबलवरचा नंबर दिसेल असा, एकाच शॉटमध्ये, न थांबवता. नवीन टॉवेल गेला आणि धुतलेला परत आला तर क्लेम करायला मोजकेच दिवस मिळतात आणि पुरावा नसेल तर रक्कम सरळ पुढच्या सेटलमेंटमधून वजा होते. मैत्रिणीच्या त्या बावीस ऑर्डरींपैकी दोन रिटर्न आल्या, एक आरटीओ झाली, उरलेल्या एकोणीस ऑर्डरींचे पैसे तीन हप्त्यांत जमा झाले, आणि तिसरा हप्ता आमच्या शीटमधल्या तारखेलाच आला.