कोल्हापूर भागात रब्बीचा बटाटा आणि कांदा कसा घ्यावा

कोल्हापूर जिल्ह्यात थंडी येते, पण ती फार दिवस राहत नाही. डिसेंबर आणि जानेवारीच्या रात्रीच काय त्या खऱ्या गार असतात, आणि फेब्रुवारी अर्धा सरेपर्यंत दुपारचे ऊन तापू लागते. म्हणून या दोन्ही पिकांचे नियोजन थंडीच्या त्या मोजक्या आठवड्यांभोवती करावे लागते. त्यांत बटाट्याला उशीर अजिबात सोसत नाही, कारण रात्रीचे तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास असतानाच त्याचे कंद चांगले धरतात आणि उष्मा वाढला की वेल हिरवागार दिसूनही खाली पोसवण होत नाही. कांदा त्या मानाने सोशिक आहे. त्याला वाढीच्या काळात थंडी आणि काढणीच्या वेळी कोरडे ऊन मिळाले की तो समाधानकारक येतो.

सोयाबीन किंवा भुईमूग निघालेले रान बटाट्याला सर्वांत सोयीचे, कारण ते वेळेवर मोकळे होते आणि या दोन्ही पिकांमुळे जमिनीला थोडे नत्रही मिळालेले असते. टोमॅटो, वांगी किंवा मिरची घेतलेल्या रानात मात्र बटाटा लावू नये, कारण ही पिके एकाच कुळातली असल्याने मर (झाड कोमेजून मरणे) आणि करपा (पाने करपणे) यांसारखे रोग मागच्या पिकातून पुढच्या पिकात येतात. नदीकाठच्या मळीच्या, म्हणजे गाळाच्या, जमिनीत पाण्याचा निचरा होत असेल तर दोन्ही पिके चांगली येतात. मात्र शिरोळ भागात जिथे पाणी आणि खते वर्षानुवर्षे अति झाल्याने जमीन क्षारपड झाली आहे, तिथे आधी निचऱ्याची व्यवस्था करावी आणि मगच कांद्याचा विचार करावा.

बटाट्याची लागवड १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या काळात उरकावी. कुफरी ज्योती, कुफरी लवकर आणि कुफरी पुखराज हे वाण महाराष्ट्रात बरेच लावले जातात. एकरी सुमारे ६ ते ८ क्विंटल बेणे (लावायचे कंद) लागते आणि खर्चाचा मोठा वाटा याच बेण्यावर जातो, त्यामुळे ते खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे. बाजारातला खाण्याचा बटाटा बेणे म्हणून लावण्यात बचत नाही. शीतगृहातून आणलेले बेणे ८ ते १० दिवस सावलीत पसरून ठेवावे, म्हणजे डोळे फुगून आखूड, जाड कोंब येतात. अंड्याएवढे कंद अख्खेच लावावेत. मोठे कापायचे असतील तर प्रत्येक फोडीवर २-३ डोळे राहतील असे पाहून १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम मॅन्कोझेब मिसळून त्यात फोडी १० मिनिटे बुडवाव्यात आणि सावलीत सुकू द्याव्यात. रान आधी भिजवून, वाफसा आल्यावर (ओल बेताची राहून माती मोकळी झाल्यावर), ६० सेंटिमीटर अंतराच्या सऱ्यांत २० सेंटिमीटरवर लागवड करावी.

खताचे प्रमाण माती परीक्षणावरून ठरवावे. ते नसेल तर बटाट्याला एकरी साधारण ६० किलो नत्र, २४ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ४८ किलो पालाश (पोटॅश) धरावे, व त्यांतील अर्धे नत्र महिन्याभराने, वरंब्याला भर देताना, म्हणजे माती चढवताना, द्यावे. ही भर देण्याचे काम मन लावून करावे. उघडे पडलेले कंद उन्हाने हिरवे होतात आणि खाण्यास अपायकारक ठरतात, शिवाय बटाटा पोखरणाऱ्या पतंगाची मादी जमिनीच्या भेगांतून थेट त्यांवर अंडी घालते.

पाण्याविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे उसाला पाणी देण्याची जी पद्धत रुळली आहे, तीच इथे नुकसान करते. सरी तुडुंब भरून वरंबा बुडवला की माती घट्ट बसते, कंदांना हवा मिळत नाही आणि ते सडू लागतात. बटाट्याच्या सरीत पाणी वरंब्याच्या निम्म्या उंचीच्या थोडे वरपर्यंतच जावे, पण पाळी मात्र ६ ते ८ दिवसांनी चुकवू नये. कंद पोसण्याच्या काळात ताण पडून नंतर एकदम भरपूर पाणी मिळाले तर बटाटे तडकतात किंवा वेडेवाकडे वाढतात. ढगाळ, धुक्याची हवा दोन-तीन दिवस टिकली तर करप्याची वाट न पाहता प्रतिबंधक फवारणी करावी.

कांद्याची रोपे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गादीवाफ्यावर टाकावीत. एकराला सुमारे ३ किलो बी आणि २ गुंठे रोपवाटिका पुरते. बी चालू वर्षाचेच असावे, कारण कांद्याच्या बियांची उगवण साध्या साठवणीत वर्षभरातच ढासळते. रब्बीसाठी एन-२-४-१, भीमा शक्ती किंवा भीमा किरण हे साठवणुकीला टिकणारे वाण निवडावेत. खरिपाचा वाण या हंगामात लावला तर डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) आणि जोडकांदे जास्त निघतात. रोपे ५० दिवसांच्या आसपास झाली की १५ बाय १० सेंटिमीटरवर लावावीत. एकरी सुमारे ४० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि २० किलो पालाश पुरेसे होते, सोबत थोडे गंधक द्यावे. लागवडीनंतर ६० दिवस उलटल्यावर नत्र मुळीच देऊ नये, कारण त्याने मान जाड राहते आणि कांदा चाळीत (साठवणीच्या हवेशीर छपरात) सडतो. भांगलण पहिल्या दीड महिन्यात दोनदा तरी व्हावी. फुलकिड्यांसाठी फवारताना द्रावणात स्टिकर (औषध पातीला चिकटवणारे द्रव्य) मिसळावे, नाहीतर मेणचट पातीवरून औषध ओघळून जाते.

पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या) उसात कांदा आंतरपीक म्हणून घेता येतो आणि उसाला सुरुवातीचे काही महिने तो अडथळाही करत नाही. मात्र कांद्याचे पाणी काढणीपूर्वी १५ दिवस तोडावे लागते, आणि त्याच वेळी उसाला पाणी हवे असते. म्हणून असा कांदा साठवू नये, काढल्याबरोबर कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात विकून मोकळे व्हावे.

स्वतंत्र रानातल्या निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या की काढणी करावी आणि काढलेला कांदा तीन दिवस शेतातच असा पसरावा की प्रत्येक ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर येईल. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि १० ते १२ दिवस सावलीत सुकवून, जोड, डेंगळे आणि चिरलेले कांदे वेगळे काढून, उरलेला माल हवेशीर चाळीत भरावा. बटाट्याचे वेल काढणीच्या आठवडाभर आधी कापून टाकावेत, त्याच सुमारास पाणी थांबवावे, आणि अंगठ्याने चोळून साल निघत नाही याची खात्री झाल्यावरच खणावे. खणलेले बटाटे रात्री रानात उघडे ठेवू नयेत, कारण पतंग रात्रीच फिरतो. कांदा आणि बटाटा एकाच खोलीत साठवू नयेत; बटाट्याच्या ओलाव्याने कांदा लवकर सडतो.