दापोलीतले पहिले वर्ष: घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावी भाताची थोडी शेती, हापूसची सात-आठ कलमे आणि मागील दारी माडांची रांग आहे. त्यामुळे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात बी.एस्सी. कृषीला प्रवेश मिळाला, तेव्हा शेतीच शिकायची आहे तर ती आपल्याला परकी वाटणार नाही, अशी माझी ठाम समजूत होती. पहिल्या तीन आठवड्यांत ती समजूत मोडली. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले होते. अकरावी-बारावीला विज्ञानाची पुस्तके इंग्रजी असली, तरी वर्गात सर सगळे मराठीतूनच समजावून सांगत. येथे व्याख्यान, जर्नल आणि उत्तरपत्रिका असे सर्वच इंग्रजीतून होते, आणि लहानपणापासून हाताळलेली वस्तू समोर असूनही तिच्याविषयी एक वाक्य लिहिता येत नव्हते. कोकणातल्या गावांतून कृषी शाखेकडे येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या वर्षी सर्वांत जड जाते ते हेच, असे माझे मत आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

कृषिविद्येच्या एका प्रात्यक्षिकात तणांची ओळख होती. ट्रेमध्ये मुळांसकट उपटलेली दहा-बारा रोपे ठेवली होती आणि सरांनी त्यांतले एक माझ्या हातात देऊन त्याचे शास्त्रीय नाव आणि प्रसाराचा प्रकार विचारला. तो लव्हाळा होता. त्याची तिधारी दांडी मी बोटांत फिरवत राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. सर थोडा वेळ थांबले आणि मराठीत म्हणाले, "घरी हा उपटतेस तेव्हा काय होतं?" मी सांगितले की वरून ओढला तर पात तेवढी हातात येते, खालची काळी गाठ मातीतच राहते आणि आठ दिवसांत तो पुन्हा उगवतो. "हेच उत्तर आहे," ते म्हणाले, "आता त्या गाठीला काय म्हणतात ते लिही." त्यांनी फळ्यावर सायपरस रोटंडस आणि ट्यूबर असे दोन शब्द लिहिले. मला उत्तर येत होते, फक्त त्याचे नाव येत नव्हते, हे त्या दिवशी लक्षात आले आणि मनावरचे मोठे ओझे उतरले.

त्याच रात्री वसतिगृहात मी एका वहीची पाने तीन रकान्यांत आखली. पहिल्या रकान्यात घरचा मालवणी शब्द, दुसऱ्यात पुस्तकी मराठी आणि तिसऱ्यात इंग्रजी संज्ञा. तरवो, रोपवाटिका, नर्सरी. लावणी, पुनर्लागवड, ट्रान्सप्लांटिंग. हापूसच्या गरात होणारा साका, म्हणजे आतला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, यालाच स्पंजी टिश्यू म्हणतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. आनुवंशशास्त्राच्या तासाला संकराचा विषय निघाला तेव्हा कळले, की वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या 'रत्ना' या जातीत साका होत नाही. आमच्या घरापासून वेंगुर्ले काही फार लांब नाही. त्यानंतर संकराच्या पुढच्या पिढीत गुण कसे विभागले जातात ते सांगणारे मेंडेलचे 9:3:3:1 हे प्रमाण मला कोरडे वाटले नाही. अशी वही पहिल्याच आठवड्यात सुरू करावी, कारण परीक्षा जवळ आल्यावर शब्द पाठ होतात, पण वस्तूशी जोडले जात नाहीत.

सत्रपद्धतीचा हिशेब वेळीच समजून घ्यावा. विषयासमोर 3 (2+1) असे छापलेले असते, त्याचा अर्थ तीन श्रेयांक, आठवड्याला दोन व्याख्याने आणि दोन तासांचे एक प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाला स्वतंत्र गुण असतात, म्हणून जर्नलवर त्या त्या आठवड्यालाच सही घ्यावी. मी चार आठवड्यांची जर्नले साठवली आणि मध्यसत्र परीक्षेच्या आदल्या दोन रात्री केवळ आकृत्या काढण्यात घालवल्या. त्या सत्रात मृदाशास्त्रात मला सर्वांत कमी गुण मिळाले. जांभ्यापासून झालेल्या आम्लधर्मी मातीत वाढलेल्या मुलीसाठी ती गोष्ट फार लागणारी होती.

घरी जाण्याविषयीही सांगितले पाहिजे. दापोलीला रेल्वे नाही. खेडला उतरून पुढे सुमारे 30 किलोमीटर एसटीने यावे लागते, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक लागू होऊन गाड्या सावकाश धावतात. मी पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा कुडाळ गाठले. दर वेळी सोमवारचे पहिले व्याख्यान बुडाले आणि परतल्यावर खोली अधिकच परकी वाटली. गणपतीला अवश्य जावे, त्याविषयी कोकणी माणसाला सांगण्याची गरज नाही. पण त्याआधीचे दोन-तीन शनिवार-रविवार वसतिगृहातच काढले तर मैत्री जुळते. माझी आजवरची जिवाभावाची मैत्रीण मला अशाच एका रविवारी, ओले कपडे दोरीवर जागा करून वाळत घालताना भेटली.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरचे शिष्यवृत्तीचे अर्ज प्रवेशानंतर लगेच भरावेत. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते गावाहून निघतानाच तयार असावे, कारण तहसील कार्यालयाच्या एका फेरीसाठी दोन दिवस मोडतात. शेतकरी कुटुंबातील मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची चौकशी जरूर करावी. कोणी वरिष्ठ त्रास देत असेल तर गप्प राहू नये. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे आणि 1800-180-5522 ही राष्ट्रीय मदतवाहिनी चोवीस तास चालू असते.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा ती वही बरोबर नेली होती. आई ओटीवर बसून पहिला रकाना बोट ठेवून वाचत गेली. दोन शब्द मी चुकीचे लिहिले होते, ते तिने सांगितले, आणि मळणीचा एक शब्द राहिला आहे म्हणाली. तो मी तिथेच लिहून घेतला. पुढचे दोन रकाने दापोलीला परतल्यावर भरले.