पहिले तीन महिने आणि लोकलचा प्रवास
मैत्रिणींनो, दुसऱ्या महिन्यात पोट दिसत नाही पण मळमळ मात्र दादरच्या गर्दीत बरोबर गाठते, अशावेळी लाजू नका, सरळ सांगा, "ताई, मला दिवस गेलेत, जरा बसू द्या ना", मी सांगितलं तर दोघीजणी पटकन उठल्या, एकीने तर आवळासुपारी पण दिली. दिव्यांगांच्या डब्यातही गरोदर बायकांना बसता येतं, फक्त डॉक्टरांची फाईल जवळ ठेवा. उपाशीपोटी निघायचं नाही, पर्समध्ये कुरमुरे, चणे असू द्या. फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, डॉक्टरांनी जास्त सांगितलं असेल तर तेवढं. तीन महिने कुणाला सांगू नको असं घरचे म्हणतात, पण ऑफिसमधल्या एका तरी मैत्रिणीला सांगाच, चक्कर आली तर धरायला कोणीतरी हवं ना. रक्त दिसलं, पोटात खूप दुखलं किंवा पाणीसुद्धा उलटून पडत असेल तर लगेच डॉक्टरकडे जा.