२०२६ च्या पिक्चरांची तयारी : आधी पेन्सिल, मग तिकीट, मग मेगाब्लॉक

सगळ्यात आधी कालनिर्णय. मोबाईलमधलं कॅलेंडर नको, ते फक्त आपल्याला दिसतं, भिंतीवर जिथे दूधवाल्याचे खाडे आणि गॅसची तारीख लिहिता तिथेच पिक्चरची तारीख लिहायची म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या नजरेत राहते आणि ऐनवेळी "त्या दिवशी तर मावशीकडे जेवायला जायचंय" असं कुणी म्हणत नाही. आणि लिहायचं पेन्सिलनेच. जाहीर झालेल्या तारखा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हे आता लहान पोराला पण कळतं. हॉलिवूडच्या ॲव्हेंजर्सचा पुढचा भाग, डूम्सडे, आधी १ मे २०२६ ला येणार होता, तो गेला थेट १८ डिसेंबरला, आणि त्याने सोडलेल्या १ मे ला आता आपला 'राजा शिवाजी' येतोय, महाराष्ट्र दिनाला. मला तर ही अदलाबदल फारच आवडली. तर मी खाली ज्या तारखा लिहितेय त्या आत्ता डिसेंबर २०२५ च्या शेवटी जाहीर असलेल्या आहेत, तुम्ही तिकीट काढायच्या आधी परत एकदा बघा.

पेनाने लिहायच्या तारखा फक्त जानेवारीतल्या, आणि माझ्या यादीत त्या पहिल्या आहेत, ॲव्हेंजर्स नाही. १ जानेवारीला गुरुवारीच हेमंत ढोमेचा 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' येतोय, बंद पडायला आलेली मराठी शाळा आणि तिच्यासाठी परत एकत्र येणारे माजी विद्यार्थी, सचिन खेडेकर, सिद्धार्थ चांदेकर, अमेय वाघ, प्राजक्ता कोळी. मग १६ ला केदार शिंदेंचा सासू-सुनेचा पिक्चर, निर्मिती सावंत आणि प्रार्थना बेहेरे, तो आमच्याकडे दोन्ही पार्ट्यांनी शेजारी बसून बघायचं ठरलंय, बघू काय होतंय. महिन्याच्या शेवटी साडे माडे तीनची मंडळी परत येतायत, पहिला २००७ चा होता, म्हणजे तेव्हा कॉलेजात असलेल्यांची पोरं आता शाळेत आहेत.

आता हे पहिले का, तर मोठा पिक्चर तुमच्यासाठी थांबतो, मराठी पिक्चर थांबत नाही. डूम्सडे पहिल्या आठवड्यात नाही जमला तर दुसऱ्यात बघा, तिसऱ्यात बघा, दिवसाला ढीगभर शो असतात. मराठीचं गणित वेगळं आहे. शुक्रवार-शनिवार-रविवार किती खुर्च्या भरल्या ते बघून सोमवारी शो कापले जातात, आणि जे उरतात ते सकाळी पावणेअकराचे नाहीतर दुपारी अडीचचे, म्हणजे नोकरी करणाऱ्याने बघायचाच नाही. मल्टिप्लेक्समध्ये मराठीला दुपारी १२ ते रात्री ९ मधला शो मिळावा असं सरकारने २०१५ मध्येच ठरवलंय, पण दुपारी साडेबाराचा शो पण त्यात बसतोच की! आणि मग आपण म्हणतो अरे चांगला होता म्हणे, लागला कधी आणि गेला कधी कळलंच नाही, ओटीटीवर आला की बघू, आणि तो ओटीटीवर येतो की नाही याची पण काही गॅरंटी नसते. उलटं पण होतं बरं का. सप्टेंबर २०२५ मध्ये 'दशावतार' आला, दिलीप प्रभावळकरांचा, लोक पहिल्याच वीकेंडला गेले, दुसऱ्यांना सांगितलं, शो वाढले. म्हणून मराठी पिक्चरसाठी तयारी एकच, पहिल्या तीन दिवसांत जायचं. रिव्ह्यूची वाट बघायची नाही. ट्रेलर आवडला ना, मग झालं. शुक्रवारचे शो ॲपवर बुधवार-गुरुवारपर्यंत नीट दिसत नाहीत, त्यामुळे गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर एकदा बघायचं आणि तेव्हाच तिकीट काढून टाकायचं. दादरच्या आसपास असाल तर प्लाझा आहेच, मराठी पिक्चर भरलेल्या प्लाझात बघायची मजा मॉलमध्ये येत नाही, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाहीये.

हिंदीवाल्यांनी २३ जानेवारीला खूण करा, बॉर्डर २. पहिला १९९७ चा. २६ तारीख सोमवारी आलीय, म्हणजे तीन दिवसांचा वीकेंड, म्हणजे तिकीट महाग आणि गर्दी फुल. घाई नसेल तर मंगळवारी जा, बऱ्याच ठिकाणी मंगळवारी तिकीट स्वस्त असतं, पण थेटरात जाऊन टाळ्या-शिट्ट्या हव्या असतील तर मात्र पहिल्या दिवसाला पर्याय नाही, रिकाम्या हॉलमध्ये सनी देओल ओरडला तर उगीच दचकायला होतं.

मग थेट पाडवा. १९ मार्च, गुरुवार, धुरंधरचा दुसरा भाग आणि यशचा टॉक्सिक एकाच दिवशी लावलेत आणि मागोमाग ईद. यातलं कुणी मागे सरकेल का याची चर्चा आत्तापासूनच चालू आहे, म्हणून इथे पेन्सिल जरा हलक्या हाताने चालवा. गुढी उभारायची, श्रीखंड-पुरी खायची आणि दुपारी साडेतीन तास अंधारात बसायचं म्हणजे अर्धा हॉल घोरणार, तेव्हा पाडव्याला सकाळचा शो नाहीतर दुसरा दिवस.

आणि इथेच यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम येतं, ते म्हणजे तिकीट काढायच्या आधी पिक्चरची लांबी बघणे. धुरंधरचा पहिला भाग २१४ मिनिटांचा होता. आता आम्ही डोंबिवलीवाले, हिशोब करा. लोअर परळला रात्री पावणेदहाचा शो, पंधरा मिनिटं जाहिराती, मग पिक्चर, मध्ये इंटरव्हल, म्हणजे बाहेर पडेपर्यंत पावणेदोन. करी रोडला पोचाल तेव्हा शेवटची लोकल कधीच गेलेली, आणि मग टॅक्सीवाला जो आकडा सांगेल त्यात अजून चार तिकिटं आली असती. दुपारी दोनचा शो घेतला तर सहाला सुटतो, तेव्हा करी रोडच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघा एकदा, तिथे फास्ट थांबत नाही आणि स्लो आधीच भरून आलेली असते. म्हणून आमच्यासाठी रविवार सकाळचा शो सगळ्यात बरा, फक्त शनिवारी मेगाब्लॉक कुठून कुठे आहे ते वाचायचं. हे वाचून पुण्यातली मंडळी हसतील, हसा, तुम्हाला पार्किंग शोधायचंय ना, पहिली दहा मिनिटं तिथेच जातात.

१ मे चं तिकीट एकट्यादुकट्याने काढू नका, 'राजा शिवाजी' हा घरच्यांना, शेजाऱ्यांना घेऊन जायचा प्रकार आहे. रितेश देशमुख दिग्दर्शक पण आणि महाराज पण, संगीत अजय-अतुल, कॅमेरा संतोष सिवन, आणि मराठीबरोबर हिंदी आणि दक्षिणेतल्या भाषांत पण येणार म्हणतात. म्हणून बुक करताना भाषा बघा! ॲपवर एकाच नावाखाली मराठी-हिंदी दोन्ही असतं, घाईत वरचं दाबलं जातं आणि हॉलमध्ये बसल्यावर महाराज हिंदीत बोलायला लागतात. शुक्रवार आहे, सकाळी शाळेत झेंडावंदन असतं, त्यामुळे दुपारचा शो धरा. आठ-दहा जण असतील तर एका ओळीत जागा मिळायला बुकिंग उघडल्या उघडल्या बसावं लागेल, एकाने सगळी काढायची आणि पैसे आधी जमा करायचे. आधी. नंतर मागताना आपल्यालाच लाज वाटते आणि ज्याने द्यायचे त्याला वाटत नाही. आजी-आजोबा येणार असतील तर त्यांना कडेच्या खुर्च्या, आणि फार वरची रांग नको, अंधारात त्या पायऱ्या उतरताना गुडघ्यांची वाट लागते.

पोरांचं वेगळं बघायला लागतं. टॉय स्टोरी ५ जूनच्या १९ ला, म्हणजे नेमका शाळा सुरू झाल्यावर, सुट्टीत आणला असता तर काय बिघडलं असतं. ३१ जुलैला स्पायडरमॅन. सर्टिफिकेट नीट वाचा, आता नुसतं यूए नसतं, यूए ७+, १३+, १६+ असे भाग केलेत, त्यात आईबापांनी ठरवायचं असतं, पण ए असेल तर अठराच्या आतल्या पोराला तुम्ही सोबत असलात तरी सोडत नाहीत. धुरंधरला ए होतं आणि आमच्यासमोर एक कुटुंब दारावरून परत गेलं, बाप गेटवरच्या पोराशी भांडत होता, त्या बिचाऱ्याचा काय दोष, आणि त्यांचा मुलगा मागे पॉपकॉर्नच्या काउंटरकडे बघत उभा.

आता आयमॅक्सवाले, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या पडद्यावर बघणारे. १७ जुलैला नोलनचा ओडिसी. अख्खा पिक्चर आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांवर शूट केलाय, फीचर फिल्मसाठी हे पहिल्यांदाच, आणि तिकडे परदेशात काही थेटरांत ७० एमएमच्या, म्हणजे खऱ्या रुंद फिल्मच्या रिळावर चालणाऱ्या शोची तिकिटं एक वर्ष आधी विकायला काढली होती, ती गेली पण. आपल्याकडे फिल्मवर चालणारं आयमॅक्स सध्या नाही, डिजिटलच आहे, त्यामुळे ७० एमएमच्या गप्पा वाचून जीव जाळून घेऊ नका, जे आहे ते पण भारीच दिसतं. सीट मधली, आणि पडद्यापासून दोन-तृतीयांश मागे, पहिल्या चार रांगा फुकट दिल्या तरी घेऊ नका. ज्यांनी होमर वाचला नाही, म्हणजे आपण बहुतेक सगळेच, त्यांनी गोष्ट तेवढी वाचून घ्या, ट्रॉयची लढाई संपल्यावर घरी पोचायला दहा वर्षं लागलेल्या माणसाची आहे. जुलैच्या मध्यात मुंबईत पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको, भरतीची वेळ बघा, हिंदमाताला पाणी भरलं आणि कुर्ल्याला गाड्या थांबल्या तर तुमची पण तीच गोष्ट होईल.

उजळणी करायची असेल तर सगळ्याची करत बसू नका, ॲव्हेंजर्सवाल्या मार्व्हलचं सगळं बघायला घेतलं तर नोकरी सोडावी लागेल. डूम्सडेसाठी त्याच्या आधीचे इन्फिनिटी वॉर आणि एंडगेम परत बघितले तरी पुष्कळ, एंडगेम तर सप्टेंबरमध्ये परत थेटरात आणणार असं जाहीर केलंय. रॉबर्ट डाउनी ज्युनियर यावेळी आयर्न मॅन नाही, डॉक्टर डूम आहे, हे घरातल्या ज्या माणसाला माहीत नाही त्याला आधीच सांगा, नाहीतर तो मध्येच "अरे हा तर मेला होता ना" असं मोठ्याने विचारणार. ड्यूनचा तिसरा भाग पण डिसेंबरात येतोय, त्याचे २०२१ आणि २०२४ चे दोन्ही भाग मात्र बघाच, त्यात कोण कुणाचा कोण हे मला अजून दर वेळी नव्याने समजून घ्यावं लागतं. दिवाळीत येणाऱ्या 'रामायण' पिक्चरला उजळणी लागत नाही, गोष्ट आजीने सांगून ठेवलीय. तिथे तयारी वेगळी, सासूबाईंनी ट्रेलर यायच्या आधीच ठरवून टाकलंय की अरुण गोविल सोडून राम नाही, आणि अरुण गोविल यात दशरथ आहेत हे कळल्यापासून त्यांचा चेहरा बघण्यासारखा आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला रविवारी आहे, फराळाचं सगळं आधी उरका, आणि हा पहिला भाग आहे, दुसरा २०२७ च्या दिवाळीत, हे पण त्यांना आधी सांगा. मी अजून सांगितलेलं नाही.

पैशाचं थोडक्यात. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के झालाय, त्याच्या वर १८ च. म्हणजे सिंगल स्क्रीनला जाणाऱ्याला फायदा, मॉलवाल्याला काही नाही. ॲपवरची कन्व्हिनियन्स फी दर तिकिटामागे लागते, थेटर घराजवळ असेल आणि मराठी किंवा आठवड्यातला शो असेल तर सरळ खिडकीवर जा. खायचं घरून खाऊन निघा, पोरांना तेवढा एक पॉपकॉर्न. आणि कुठले पिक्चर थेटरात बघायचेच नाहीत हे पण यादीत लिहा, मोठा हिंदी पिक्चर साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतो, तो पैसा जानेवारीतल्या मराठीला द्या.

राहता राहिला १८ डिसेंबर. डूम्सडे आणि ड्यूनचा तिसरा भाग एकाच शुक्रवारी, दोघांनाही आयमॅक्स हवंय आणि पडदे तेवढेच. माझं ठरलंय, आयमॅक्समध्ये ड्यून, त्याच्या वाळूसाठी, आणि ॲव्हेंजर्स डोंबिवलीच्या साध्या हॉलमध्ये पोरांच्या गोंधळात, तो तसाच बघायचा असतो. मुलाला हे मान्य नाहीये, त्याच्याशी बोलायला अजून वर्ष आहे. रजेचा अर्ज मात्र दिवाळी झाल्या झाल्या टाका, डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात ऑफिसात सगळ्यांच्याच गावी काहीतरी निघतं.