गच्चीवरून लष्करी विमान ओळखायचं कसं? आधी पंखांच्या जोड्या मोजा

कोल्हापूरची जागाच मजेशीर आहे. उत्तरेला सरळ रेषेत साधारण दोनशे किलोमीटरवर पुण्याचं लोहगाव. तिथे २००२ पासून हवाई दलाची सुखोई-३० एमकेआय. दक्षिणेला दीडशेएक किलोमीटरवर गोव्याचं दाबोळी, म्हणजे नौदलाचा आयएनएस हंसा तळ. तिथे २०१० पासून मिग-२९के. दोन्ही लढाऊ, दोन्हींना दोन इंजिनं, दोन्हींना दोन उभ्या शेपट्या, आणि खालून दोन्ही राखाडीच. त्यामुळे आपल्याकडे खरं कौशल्य लागतं ते या दोघांना वेगळं काढायला. बाकी सोपं आहे. गल्लीच्या ग्रुपवर मात्र आवाज आला की पाच मिनिटांत "राफेल गेलं" असा निकाल लागलेला असतो. राफेलला उभी शेपटी एकच असते, एवढं बघायचीही कुणाला सवड नसते.

आवाजाकडे बघू नका, आवाजाच्या पुढे बघा

"आवाज आला तिकडे बघा" हा सल्ला देणाऱ्याने विमान कधी शोधलेलंच नसतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ताशी ८०० किलोमीटरने जाणारं जेट तेवढ्या वेळात सव्वादोनशे मीटर पुढे सरकतं. आवाज अगदी डोक्यावरून आल्यासारखा वाटला, तर जेट त्या जागेपासून ३०-३५ अंश पुढे गेलेलं असतं. हात सरळ लांब केला की मूठ साधारण १० अंश झाकते, म्हणजे साडेतीन मुठी पुढे बघायचं. विमान किती उंचीवर आहे याचा इथे संबंध नाही, फक्त वेगाचा आहे. एटीआरसारख्या पंख्याच्या प्रवासी विमानाला दोन मुठी पुरतात, हेलिकॉप्टरला एक.

एकदम "धाड" आवाज येऊन काचा थरथरल्या की निम्मं गाव कोयनेचा भूकंप म्हणतं. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला की होणारा धमाका बहुतेक वेळा जोडीने ऐकू येतो, धाड-धाड. त्याने काचा, पत्रे वाजतात, फरशी हलत नाही. अशा वेळी आकाशात शोधून उपयोग नसतो, विमान केव्हाच पुढे निघून गेलेलं असतं.

दुर्बीण

८×४२ किंवा १०×५० घ्या. दहापटीच्या वर गेलात तर हात थरथरतो आणि चित्र नाचतं. सूर्याच्या आसपास फिरवू नका.

इंजिन

पंखा आहे की जेट, आणि किती. पुढचं.

जोड्या मोजणं: इथेच सगळे चुकतात

रंग विसरा. उजळ आकाशासमोर खालून पाहिलेलं कुठलंही विमान काळपट राखाडी दिसतं. आकारही विसरा. सुखोई २२ मीटर लांब, मिग-२९के सव्वासतरा मीटर. उंची माहीत नसेल तर हा फरक डोळ्याला कळणं शक्य नाही. तीन किलोमीटरवरचं सुखोई पौर्णिमेच्या चंद्राच्या थाळीपेक्षाही लहान दिसतं. "एकदम खालून गेलं" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे एकदा करंगळीने मोजून बघावं. लांब केलेल्या हाताची करंगळी साधारण एक अंश झाकते. सुखोई लांबीने तेवढं भरलं तरी ते सव्वा किलोमीटरवर असतं.

बघायचं ते एवढंच: आडव्या पंखांच्या जोड्या किती?

तीन जोड्या दिसल्या, म्हणजे कॉकपिटच्या मागे छोटी, मग मुख्य पंख, मग मागची आडवी शेपटी, तर ते सुखोई-३० एमकेआय. आपल्या सैन्यदलांत तीन जोड्यांचं दुसरं लढाऊ विमान नाही.

दोन जोड्या आणि दोन उभ्या शेपट्या असतील तर मिग-२९. गोव्याच्या बाजूचं असेल तर बहुधा नौदलाचं के. दोन जोड्या पण उभी शेपटी एकच असेल तर पंख कुठून निघतात ते पाहा. धडाच्या वरच्या अंगाला असतील तर जग्वार, खालच्या अंगाला असतील आणि विमान लहानखुरं असेल तर हॉक. पुढे छोटी जोडी, तिच्यामागे मोठा त्रिकोणी पंख आणि आडवी शेपटी नाहीच, हे राफेल. एकच त्रिकोणी जोडी असेल तर तेजस किंवा मिराज-२०००. तेजसच्या त्रिकोणाची पुढची कड मध्येच कोन बदलते, मिराजची सरळ जाते. मिग-२१ आता यादीत नको, ते सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं.

वाचायला सोपं आहे. घोळ पुढे होतो.

पहिला घोळ टाक्यांचा. मिग-२९के पंखांखाली जादा इंधनाच्या टाक्या लावून उडतं. त्यांची टोकं पंखाच्या पुढच्या कडेतून बाहेर येतात आणि खालून बघणाऱ्याला दोन्ही बाजूंना छोटे पंख असल्यासारखं वाटतं. झालं, मिगचं सुखोई होतं. खूण लक्षात ठेवा: सुखोईची छोटी जोडी धडाला चिकटलेली आणि बाहेर पसरलेली असते. टाकी धडापासून सुटी, धडाला समांतर असते, आणि ती व धड यांच्यामध्ये आकाशाची फट दिसते. सुखोईला अशा टाक्या लावतच नाहीत, त्यामुळे फट दिसली की प्रश्न मिटला.

दुसरा घोळ कोनाचा. विमान क्षितिजापासून तीन मुठींच्या खाली असेल तर छोटी जोडी कडेवरून दिसते, म्हणजे दिसतच नाही. तेव्हा जोड्या मोजूच नका. वळण घेताना ते पाठ किंवा पोट दाखवेपर्यंत थांबा. दोन-तीन सेकंद मिळतात, तेवढे पुरतात. हिवाळ्यात सकाळी धुकं आणि वर उसाचा पाला पेटवल्याचा धूर, अशा धुरकट हवेत छोटी जोडी पंखाच्या मुळाशी मिसळून जाते. ऊन वर येईपर्यंत ठाम निकाल देऊ नका.

मग मागून बघा. सुखोईच्या दोन इंजिनांच्या मधून एक जाड दांडा मागे बाहेर येतो आणि त्याच्या उभ्या शेपट्या एकमेकींना समांतर, ताठ असतात. मिगला तसा लांब दांडा नाही आणि शेपट्या किंचित बाहेर कललेल्या असतात. विमान दूर जाताना ही खूण सगळ्यात भरवशाची.

दोन सल्ले मात्र कानाआड करा. एक, "काळा धूर सोडलं तर मिग". जुन्या मिग-२९ ची इंजिनं धूर ओकायची हे खरं, पण के मध्ये सुधारित इंजिन आहे, ते तसा धूर सोडत नाही. दोन, "लांब काच म्हणजे दोन वैमानिक, म्हणजे सुखोई". मिग-२९के एका वैमानिकाचं असलं तरी त्याची काच दोन आसनी विमानासारखीच लांब असते.

आणि दिशा हा पुरावा नव्हे. उत्तरेकडून, जोतिबाच्या बाजूने येऊन दक्षिणेला कात्यायनीकडे गेलं म्हणून ते पुण्याचं ठरत नाही. लढाऊ विमानं सरावात वळणं घेतच असतात.

मालवाहू आणि गस्तीची विमानं

इथला सगळ्यात मोठा फसवा गडी म्हणजे उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर उतरणारं एटीआर-७२. दोन पंखे, वर बसवलेले पंख, आणि लोक त्याला "मिलिटरीचं" म्हणतात. एटीआरची आडवी शेपटी उभ्या शेपटीच्या माथ्यावर असते. हवाई दलाच्या सी-२९५ ची ती खाली, धडाजवळ असते आणि पोट मागे वर उचललेलं असतं. एएन-३२ ची दोन्ही इंजिनं पंखाच्या वर बसलेली, एकदा पाहिली की विसरत नाहीत. चार पंखे आणि सरळ पंख असतील तर सी-१३०जे. चार जेट आणि माथ्यावर शेपटी असेल तर सी-१७ किंवा आयएल-७६. पंखांची टोकं वर वळलेली असतील तर पहिलं, नाकाखाली काचेचा भाग असेल तर दुसरं. नौदलाचं पी-८आय हे बोईंग ७३७ च्या धाटणीचं आहे, पण त्याच्या पंखांची टोकं उभी वळलेली नसतात, मागे निमुळती होतात, आणि शेपटीतून एक दांडा निघतो. नौदल आणि तटरक्षक दलाचं डॉर्नियर लहान असतं. त्याला दोन पंखे, आणि पंख धडाच्या वर.

हेलिकॉप्टर

२०१९ च्या महापुरानंतर हेलिकॉप्टर ओळखायची हौस वाढली, ते ठीक. पण पाती डोळ्यांनी मोजता येत नाहीत, उगाच प्रयत्न करू नका. १/२००० सेकंदाला फोटो काढा आणि मग मोजा. पाच पाती आणि जाडजूड धड असेल तर एमआय-१७. चार पाती आणि मागच्या आडव्या शेपटीच्या दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्या असतील तर ध्रुव. खाली चाकं असतील तर नौदल किंवा तटरक्षक दलाचं, घसरपट्ट्या असतील तर लष्कर किंवा हवाई दलाचं. तीन पाती आणि काचेच्या गोळ्यासारखं नाक असेल तर चेतक. वर दोन मोठे पंखे असतील तर चिनूक, त्यात चुकायला जागा नाही.

ॲप शेवटी उघडा

फ्लाइटरडार२४ हे उडणारी विमानं नकाशावर दाखवणारं ॲप आधी उघडलं की डोळे आकाशाऐवजी स्क्रीनवर राहतात. लढाऊ विमानं त्यावर सहसा दिसतच नाहीत. त्यामुळे ॲपवर नाही म्हणून विमान नव्हतंच, हा तर्क चुकीचा. मालवाहू विमानं कधीकधी दिसतात आणि हवाई दलाच्या उड्डाणाचा संकेत 'आयएफसी' ने सुरू होतो. ॲपचा खरा उपयोग वगळण्यासाठी आहे. त्या जागी, त्या वेळी प्रवासी विमान दाखवलं तर विषय संपला.

नोंद

वेळ सेकंदासह, कुठून कुठे गेलं, इंजिन, जोड्या, उभ्या शेपट्या, एवढंच लिहा. शब्दांपेक्षा खालून दिसलेला आकार पेन्सिलने दहा सेकंदांत काढा. मोबाइलच्या व्हिडिओत ठिपका येतो, त्यावरून नंतर कुणीच काही सांगू शकत नाही. जोड्या दिसल्या नाहीत तर "दोन शेपट्या, जोड्या अस्पष्ट" इतकंच लिहून थांबा, अंदाजाने नाव टाकू नका. आणि नोंद आपल्यापाशीच ठेवा, चालू उड्डाणाची जागा नि वेळ ग्रुपवर टाकू नका. एप्रिल २०२५ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने संरक्षण दलांच्या हालचाली थेट न दाखवण्याची सूचना काढली होती, ती वाहिन्यांबरोबर समाजमाध्यमं वापरणाऱ्यांनाही उद्देशून होती.