मुलं दूर गेली की दिवेलागणीची वेळ आधी भरा

मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली किंवा मुलगा शिकायला जर्मनीला, की घर खायला उठतं ते बहुतेक संध्याकाळी. म्हणून नेमकी तीच वेळ आधी बांधून घ्या. सहा ते आठ घराबाहेर पडा: फिरणं, भजनी मंडळ, वाचनालय, काहीही, पण ठरलेल्या माणसांसोबत, म्हणजे टाळाटाळ होत नाही.

फोनचा वार आणि वेळ मुलांनाच ठरवू द्या. जर्मनीत आपल्या रात्री नऊला उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. रविवार सोयीचा पडतो. मधल्या दिवसांत ‘जेवलास का?’ विचारण्यापेक्षा आज काय केलंत ते दोन ओळींत कळवा. त्यालाही तुमची काळजी असतेच.

रडू आलं तर येऊ द्या. आणि वडील गप्प असले, तर त्यांनाही विचारा. त्यांचं दुःख हमखास दुर्लक्षित राहतं.

मात्र दोन आठवडे झोप, भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. १४४१६ ही सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.